राजपुत्राचं पोट आणि दुकानाची काच

मागच्या अंकात जुन्या व्यंगचित्रांवर दोन पानं आली होती, त्यात अठराव्या शतकातल्या लंडनच्या व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं नाव नुसतं ओझरतं येऊन गेलं होतं, आणि तेवढ्यावरून या वेळेला पत्रं काय आणि व्हॉट्सॲप काय, सगळे प्रश्न त्याच विषयाचे आलेत. गणपतीच्या तोंडावर बडोदेकरांना इंग्लंडच्या राजघराण्याच्या खादाडीत एवढा रस असेल असं आम्हाला काही वाटलं नव्हतं. असो, या महिन्यात मग दुसरा विषयच नको.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की अठराव्या शतकात लंडनला राजाची आणि युवराजाची टिंगल करणारी चित्रं भर रस्त्यावर विकायला असायची. मग राजा गप्प कसा बसला? एका फटक्यात दुकान बंद करता आलं नसतं का?
एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आपल्याला वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं हो. इंग्लंडमध्ये छापायच्या आधी सरकारची परवानगी घ्या असा जो कायदा होता तो १६९५ सालीच संपला आणि पुन्हा कोणी चालू केला नाही. म्हणजे आधी छापा, मग सरकारला झोंबलं तर सरकारने कोर्टात जावं. आता लेख असेल तर वकील ओळी वाचून दाखवतो, चित्राचं काय करणार? सरकारी वकिलाने ज्युरीसमोर उभं राहून सांगायचं का, की हा जो ढेरपोट्या माणूस काट्याने दात कोरत बसलाय ना, तो आमचा युवराज बरं का! सांगितलं की अर्धी केस तिथेच हसण्यावारी. शिवाय १७९२ साली कायदा बदलला, आणि छापलेली गोष्ट बदनामीची आहे की नाही हे ठरवायचं काम न्यायाधीशाकडून ज्युरीकडे गेलं. ज्युरीत बसणारी माणसं कोण, तर व्यापारी, दुकानदार, घरमालक, म्हणजे संध्याकाळी तीच चित्रं बघून खिदळणारी.

पण मोकळं रान होतं असंही समजू नका. १७९६ च्या जानेवारीत गिलरेला पकडलं होतं. युवराजाला मुलगी झाली त्यावर त्याने चित्र काढलं, बाप दारूत तर्र होऊन बाळ बघायला आलाय आणि बापाचे दोन राजकारणी दोस्त, फॉक्स आणि शेरिडन, खाली वाकून बाळाच्या उघड्या ढुंगणाचा मुका घेतायत, आणि नाव कसलं दिलं तर बायबलमध्ये ज्ञानी लोक बाळ येशूसाठी भेटी घेऊन येतात त्या प्रसंगाचं. झालं, धर्माची चेष्टा केली म्हणून केस. ती केस पुढे बारगळली, आणि मग खरी गंमत, १७९७ पासून याच गिलरेला सरकारपक्षाकडून वर्षाला २०० पौंड पेन्शन चालू झालं, अर्थात गुपचूप. त्यानंतर त्याची तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायची सुई विरोधी पक्षाच्या आणि फ्रान्सच्या अंगावर जास्त चालायला लागली. दुकान बंद करण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं आणि बोभाटाही होत नाही.

प्रश्न : सर, मी प्रिंटमेकिंग शिकते. पोट सुटलेला राजपुत्र खुर्चीत रेललाय ते गिलरेचं चित्र फोनवर बघितलं पण त्यात इतक्या बारीक बारीक वस्तू आहेत की कळतच नाही काय काय आहे. जरा समजावून सांगाल का?
एक विद्यार्थिनी, सयाजीगंज

उत्तर : सांगतो की, अगं याच प्रश्नाची वाट बघत होतो.

हे चित्र २ जुलै १७९२ चं. नाव मराठीत करायचं तर 'अपचनाने बेजार झालेला विलासी पुरुष'. हा प्रिन्स ऑफ वेल्स, तिसऱ्या जॉर्जचा थोरला मुलगा, पुढचा चौथा जॉर्ज, आणि वय बघ, अजून तिशीसुद्धा गाठलेली नाही. जेवण झालंय, टेबलावर हाडं उरलीत, वाइनच्या रिकाम्या बाटल्या टेबलाखाली लवंडल्यात, आणि साहेब काट्याने दात कोरतायत. वेस्टकोटचं फक्त एक बटण लागलंय आणि ते बिचारं कधी सुटेल सांगता येत नाही. चेहरा मात्र देखणा ठेवलाय, तो विद्रूप केलेला नाही, हे नीट बघ. नाक लांब केलं, डोळे बाहेर काढले की झालं व्यंगचित्र, असं नवशिक्याला वाटतं, इथे त्याने नाकाला हात न लावता पोटावर काम भागवलंय. अंगाचं ते मऊ गुबगुबीत मांस ठिपक्याठिपक्यांनी उभं केलंय, रेघा मारून ते जमलं नसतं, तू प्लेटवर करून बघ म्हणजे कळेल.

आता मागे बघ. खुर्चीच्या पाठीमागे भरून वाहणारं लघवीचं भांडं आहे आणि त्याच्याखाली न भरलेली बिलं दाबून ठेवलीत. पेपरवेट! खाटकाचं बिल, कोंबडीवाल्याचं बिल, असली. बाजूच्या फळीवर औषधं, त्यात गुप्तरोगावरचा काढा आणि गोळ्या आहेत, मूळव्याधीचं आहे, तोंडाच्या दुर्गंधीवरचं आहे. लंडनमध्ये तेव्हा ही औषधं जाहिरात करून विकली जायची, त्यामुळे बाटलीवरचं नाव वाचलं की बघणारा लगेच ओळखायचा. जमिनीवर फासे, आणि जुगारातल्या देण्याघेण्याचे कागद. खिडकीतून त्याच्या कार्लटन हाऊस या वाड्याचे खांब दिसतात, बांधकाम अर्धवट, कारण पैसा संपलेला. आणि भिंतीवर तसबीर कुणाची, तर व्हेनिसच्या लुइजी कॉर्नारोची, ज्याने कमी खा आणि खूप जगा म्हणून सोळाव्या शतकात पुस्तक लिहिलं होतं! तो तसबिरीत पाण्याचा ग्लास धरून बसलाय. वर राजचिन्ह म्हणून सुरी आणि काटा.

पण हे चित्र एकटं बघायचं नाही. त्याच महिन्यात, २८ जुलैला, गिलरेने याचा जोडीदार काढला, 'काटकसरीचं जेवण', त्यात राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट. राजा उकडलेलं अंडं खातोय, विजारीला ठिगळ, खुर्चीचं कापड खराब होऊ नये म्हणून खुर्चीला खोळ, घंटेची दोरीसुद्धा पिशवीत बांधून ठेवलेली. राणी हाताने पालापाचोळा तोंडात कोंबतेय. शेगडीत विस्तवाऐवजी फुलं. भिंतीवर फ्रेमा आहेत आणि फ्रेमांत चित्रंच नाहीत. आणि कुलूप लावलेली लोखंडी तिजोरी. मुलगा उधळ्या आणि बाप कवडीचुंबक, आणि घर दोघांचंही लोकांच्या करावर चाललेलं. मला विचारशील तर दुसरं चित्र जास्त बोचरं आहे. खादाड माणसाला लोक हसतात आणि मनातून थोडा हेवाही करतात, तिजोरी भरलेली असून अंडं खाणाऱ्याचा मात्र कुणी हेवा करत नाही.

आकडेही घे, म्हणजे चित्र नुसतं हसण्यावारी जाणार नाही. युवराज २१ वर्षांचा झाल्यावर त्याला राजाच्या खात्यातून वर्षाला ५० हजार पौंड मिळायला लागले. पुरले नाहीत. १७८७ साली पार्लमेंटने त्याच्या कर्जापोटी १ लाख ६१ हजार पौंड मंजूर केले, वर कार्लटन हाऊससाठी वेगळे. तेव्हा गिलरेने काढलं की राजा, राणी आणि युवराज खजिन्याच्या दारात बसून वाडग्यातून सोन्याची नाणी ओरपतायत आणि तिघांच्याही गळ्याला मोठाले गलगंड लोंबतायत, कारण त्या दिवसांत गलगंड झालेली तीन माणसं लंडनला पैसे घेऊन लोकांना दाखवत होते, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. आईबापाचे गलगंड टम्म आणि मुलाचा रिकामा लोंबकळणारा. एवढं होऊनही १७९५ ला पुन्हा कर्ज किती, तर सुमारे ६ लाख ३० हजार पौंड. बापाने सांगितलं आधी लग्न कर, मग बघू, तेव्हा त्याने लग्न केलं. ते लग्न कसं चाललं हा वेगळ्या अंकाचा विषय आहे.

प्रश्न : ही चित्रं गोरगरीब विकत घेत असतील का? म्हणजे क्रांतीची ठिणगी वगैरे यातूनच पडली असणार ना?
एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : आजोबा, तुमचा हिरमोड करतो. साधं चित्र एक शिलिंग, रंगवलेलं दोन शिलिंग किंवा जास्त, आणि लंडनच्या मजुराची दिवसभराची कमाई साधारण तेवढीच, दोन-तीन शिलिंग. मजूर काय पोराबाळांचा दिवसभराचा घास देऊन युवराजाचं पोट विकत घेणार का?

घेणारे कोण होते? सरदार, खासदार, वकील, मोठे व्यापारी. चित्रं आणून जाडजूड वह्यांत चिकटवायचे आणि जेवणानंतर पाहुण्यांना दाखवायचे. पिकाडिलीला फोर्स म्हणून एक दुकानदार होता, तो तर चित्रांचे संच एका संध्याकाळसाठी भाड्याने द्यायचा, आपल्याकडे पूर्वी व्हिडिओ कॅसेट मिळायच्या ना तसं. याच माणसाने दुकानात प्रदर्शन मांडलं होतं, एक शिलिंग तिकीट, आणि त्यात फ्रान्समधल्या गिलोटीनचा, म्हणजे मान उडवायच्या यंत्राचा, मोठा नमुना ठेवला होता, लोक तिकीट काढून बघायला जायचे, म्हणजे धंदा कशाला म्हणतात ते बघा.

गिलरेचा माल विकायची हॅना हम्फ्री. बाईंचं दुकान सेंट जेम्स स्ट्रीटला २७ नंबरला, आणि गिलरे राहायला तिथेच वरच्या मजल्यावर. सेंट जेम्स स्ट्रीट म्हणजे मोठ्या लोकांच्या क्लबांची गल्ली, राजवाडा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे राजघराण्याची टिंगल राजवाड्याच्या पायरीशी विकली जायची आणि गिऱ्हाईक होतं राजवाड्यात ऊठबस असलेलं. फुकटात बघायची सोय एकच, दुकानाची काच. नवं चित्र काचेत लागलं की बाहेर गर्दी, त्यात मोलकरणी, शिपाई, हमाल, पाद्री सगळे. गिलरेच्या १८०८ च्या एका चित्रात हे दुकानच काढलंय, समोर बर्फावरून एक म्हातारा घसरून पडलाय आणि मागे काचेला नाक लावून उभ्या असलेल्या लोकांना त्याचं काही पडलेलं नाही.

आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे खुद्द युवराज या दुकानाचं गिऱ्हाईक. स्वतःवरची चित्रंसुद्धा घ्यायचा. काही हौसेने, काही बाजारातून उचलून टाकायला. पुढे तो राजा होत होता तेव्हा, १८२० साली, जॉर्ज क्रुकशँक नावाच्या तरुण व्यंगचित्रकाराला १०० पौंड देऊन लिहून घेतलं की महाराजांना असभ्य अवस्थेत काढणार नाही. तोंड बंद करायचे पैसे, आणि तेही पावतीसकट.

त्यामुळे ठिणगी वगैरे मला काही पटत नाही. इंग्लंडमध्ये राजा तसाच राहिला, युवराज राजा झाला, आणि त्याने उधळपट्टीही कमी केली नाही. ज्यांच्या हातात सत्ता होती तेच ही चित्रं विकत घेऊन एकमेकांना दाखवत होते, मग हादरणार कोण? विरोधी पक्षाच्या घरी युवराजाच्या बापाची टिंगल आणि सरकारपक्षाच्या घरी युवराजाची, असा तो हिशेब होता. मात्र काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाने त्यातून काय उचललं हे कुठल्या वहीत चिकटवलेलं सापडत नाही, तेवढी जागा तुमच्या ठिणगीला मोकळी सोडतो.

प्रश्न : फ्रान्सच्या राणीने "भाकरी नाही तर केक खा" असं म्हटलं होतं, त्यावर तेव्हा व्यंगचित्रं आली होती का हो? नातवाला प्रोजेक्टला हवंय.
एक काकू, रावपुरा

उत्तर : काकू, नातवाला आधी सांगा की ते वाक्य तिचं नाही. रूसो नावाच्या लेखकाच्या आत्मचरित्रात 'एका मोठ्या राजकन्येचं' म्हणून ते आलंय, नाव न घेता, आणि तो भाग लिहिला तेव्हा ही राणी, मारी आंत्वानेत, लहान मुलगी होती आणि फ्रान्सला आलीसुद्धा नव्हती. प्रोजेक्टमध्ये टाकलं तर चुकेल.

व्यंगचित्रं आली ती तिच्या केसांवर. १७७० च्या सुमारास पॅरिसला डोक्यावर केसांचा डोंगर उभारायची फॅशन निघाली, आत गादी, वर पावडर, वर पिसं. १७७८ साली बेल पूल नावाच्या फ्रेंच लढाऊ जहाजाने इंग्रजांशी झुंज दिली तर डोक्यावर शिडांसकट जहाज. मग चित्रकार सुटलेच, न्हावी शिडी लावून केसांवर चढलाय, बाईच्या केसांमुळे छताला भोक पाडावं लागलंय. ही फॅशन लंडनला गेली तर तिथेही मॅथ्यू आणि मेरी डार्ली या नवराबायकोने असल्या चित्रांवर दुकान चालवलं. प्रोजेक्टला हीच चित्रं द्या, मुलांना दाखवण्यासारखी आहेत.

बाकीची दाखवण्यासारखी नाहीत. तिच्यावर चोरून छापली जाणारी पत्रकं आणि चित्रं निव्वळ घाण होती, आणि १७८९ च्या क्रांतीनंतर तर ती उघडच आली. १७८५ चं हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण बघा, ६४७ हिरे, किंमत सुमारे १६ लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), तिने तो हार मागवलाच नव्हता, एका ठग बाईने तिच्या नावावर एका कार्डिनलला, म्हणजे बड्या धर्मगुरूला, गंडवलं, कोर्टात ते सिद्ध झालं, आणि तरी लोकांच्या डोक्यात राणीनेच हार घेतला असं बसलं ते बसलंच. 'मादाम डेफिसिट', म्हणजे खजिन्यातल्या तुटीची बाई, असं नावच पडलं तिला. आता हिशेब बघितला तर १७८८ साली सगळ्या दरबाराचा खर्च सरकारी खर्चाच्या साधारण ६ टक्के होता, आणि निम्मा खर्च नुसता कर्जफेडीचा, त्यातलं बरंच कर्ज अमेरिकेच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध ओतलेलं. पण कर्जाचं व्याज कुणी कसं काढणार? केस काढता येतात, हार काढता येतो. म्हणून तुटीला चेहरा बाईचा मिळाला. हे लोक विसरतात, आणि अशा चित्रांचं नुसतं कौतुक करणाऱ्या लेखांचा मला कंटाळा येतो तो यामुळेच.

हां, १७८९ चं एक चित्र मात्र खरंच चांगलं आहे. एक म्हातारा शेतकरी कुदळीवर टेकून वाकलाय आणि त्याच्या पाठीवर एक पाद्री आणि एक सरदार ऐटीत बसलेत. शेतात ससे आणि पाखरं पीक खातायत, कारण शिकारीचा हक्क सरदाराचा, शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही. नातवाला हे घ्यायला सांगा, मास्तर खूश होतील. १७९१ च्या जूनमध्ये फ्रान्सचा राजा पळून जाताना वारेन गावात पकडला गेला, त्यानंतर त्याला डुक्कर करून काढायला लागले, ते पुढचं.

प्रश्न : आपल्याकडे त्याच काळात असं काहीच कसं नाही? आपले राजे काय कमी खर्चिक होते?
एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : खर्चात कमी नव्हते आणि कर्जात तर अजिबात नव्हते. लंडनला पार्लमेंट युवराजाची बिलं भरत होतं त्याच सुमाराला आपल्या बडोद्याचा खजिना सराफांच्या उसनवारीवर चालला होता. सैन्यात अरबांची शिबंदी, तिचा पगार थकलेला, पगार मिळेपर्यंत ते शहर सोडायला तयार नाहीत. आनंदराव गायकवाडांच्या वेळेला, १८०२ साली, इंग्रजांची फौज आली, मेजर वॉकर रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून बसले, अरबांचे पैसे चुकते झाले ते सराफांच्या आणि कंपनीच्या कर्जातून, आणि सराफांना हमी दिली कंपनीने. तिकडे कर्ज फेडताना युवराजाला लग्न करावं लागलं, इकडे कर्ज फेडताना राज्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या. असली गोष्ट गिलरेच्या हाती लागली असती तर त्याने काय काय केलं असतं!

आणि तंत्र नव्हतं म्हणावं तर तेही अगदीच नाही असं नाही. पुण्याला पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, मॅलेट होता, त्याच्याकडे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९२ ला आला, आणि त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट शिकला, वेरूळची लेणी, गेंडा, पैलवान अशी त्याने काढलेली चित्रं आजही आहेत. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारी जात, तांब्यावर कोरण्याचा हात घरातलाच. आणि १८०५ साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून गीता छापली गेली, मूळ कल्पना नाना फडणवीसांची होती असं सांगतात. तांबं आपल्याकडे होतं, कोरणारा हात होता, छापून झालंसुद्धा. पण छापली काय, तर गीता. कारण पैसे देणारा दरबार होता. शंभर लोक खिशातून एकेक शिलिंग काढून टिंगल विकत घेतायत, असं गिऱ्हाईक पुण्यातही नव्हतं आणि बडोद्यातही नव्हतं. टिंगल तोंडी चालायची, सोंगाड्या करायचा, भारुडात यायची, पण शाहिराला शेवटी बिदागी दरबारातूनच घ्यायची असायची, त्यामुळे राजाचं नाव घेऊन कोण बोलणार.

पुढच्या शतकात तर आपल्याकडे विषयच विषय होते. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवला, बसऱ्याची लाखो मोती, मध्ये हिरे, माणकं, पाचू, मदिनेला पाठवायचा होता तो गेलाच नाही, आणि २००९ साली दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. त्यांच्यानंतर मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतून घेतल्या. मुंबईत १८५४ पासून पारसी पंच निघत होता, म्हणजे व्यंगचित्र तोवर आपल्या इकडे पोचलंही होतं. पण बडोद्यातल्या उधळपट्टीच्या नोंदी मुख्यतः झाल्या त्या रेसिडेन्सीच्या दप्तरात, आणि त्याचा शेवट हसण्यात झाला नाही, १८७५ साली मल्हाररावांना गादीवरून काढण्यात झाला. त्या अहवालांवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्नच आहे, लिहिणाऱ्याला राज्यावर नजर ठेवायची होती. गिलरेलाही पेन्शन होतंच म्हणा.

प्रश्न : या इंग्रजी चित्रांत हिंदुस्थान कुठे येतो का?
एक वाचक, निझामपुरा

उत्तर : येतो ना, चांगला येतो. वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालू झाला तेव्हा १७८८ च्या मार्चमध्ये गिलरेने त्याला रक्ताच्या समुद्रातून दुसऱ्याच्या खांद्यावर बसून पलीकडे जाताना काढलं, खाली हिंदुस्थानी माणसांची प्रेतं आणि याच्याजवळ पैशांच्या थैल्या. खांदा कुणाचा, तर लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडचा वरिष्ठ न्यायमंत्री, थर्लो याचा. आणि इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला श्रीरंगपट्टणहून माघारी फिरावं लागलं त्यावर १७९१ च्या डिसेंबरात चित्र काढलं की टिपू तटावर उभा राहून खाली इंग्रज फौजेवर लघवी करतोय आणि कॉर्नवॉलिस गाढवावरून पळतोय. नाव दिलं 'मान्सूनचं आगमन'. इंग्रजाने इंग्रजांसाठी काढलेलं बरं का हे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणपतीला या वर्षी डीजे, एलईडी स्क्रीन आणि जेवणावळ असा अफाट खर्च झालाय, चेअरमन स्वतः मखरापेक्षा मोठ्या बॅनरवर आहेत. मला चित्र बरं काढता येतं. गिलरेसारखं एखादं व्यंगचित्र काढून ग्रुपवर टाकावं म्हणतो. काही टिप्स?
एक सभासद, अलकापुरी (नाव छापू नका प्लीज)

उत्तर : नाव छापत नाही, पण चित्र बघून सगळे ओळखतीलच.

चेअरमनना कुरूप करू नका, पोट वगैरे वाढवू नका, त्यात मजा नाही आणि उगाच त्यांची बायको दुखावेल. चेहरा बॅनरवर आहे तसाच छान ठेवा. सगळी गंमत आजूबाजूच्या वस्तूंत घाला. बिघडलेली लिफ्ट, बंद पडलेला पाण्याचा पंप, मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी आणि तिच्यावर पेपरवेट म्हणून स्क्रीनचा रिमोट. मंडपवाल्याचं बिल असेल तर त्यावर खरी रक्कम लिहा, गोल करून वाढवू नका, कारण आकडा खोटा निघाला की चर्चा चित्रावरची उडून आकड्यावर जाते. वस्तू चार-पाचच्या वर नको, फोनच्या स्क्रीनवर दिसत नाहीत, गिलरेला हे टेन्शन नव्हतं. अक्षर मोठं आणि कमी. आणि जोडचित्र जमत असेल तर करा, एका बाजूला गणपतीचे दहा दिवस आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं वर्ष, वॉचमनचा पगार दोन महिने अडकलेला.

ग्रुपवर टाकायच्या आधी वार्षिक सभा कधी आहे बघा. सभेच्या आधी दोन दिवस टाकलंत तर बरं, विसर्जनाच्या रात्री टाकलंत तर कुणी बघणार नाही, सगळे नाचत असतील. आणि चेअरमननी स्वतः येऊन "एकदम मस्त काढलंस, प्रिंट दे, ऑफिसात लावतो" म्हटलं तर प्रिंटचे पैसे घ्या.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कृपया एकच प्रश्न पाठवावा, आणि व्हॉइस मेसेज नको. मारी आंत्वानेतच्या केसांवर आणखी प्रश्न आले तर ते नवरात्राच्या अंकात घेऊ, गरब्याच्या हेअरस्टाइलबरोबर.)